भित्र्याची राखण

खारदेवळीत बाहेरच्या बांधावर राखण्या नेमतात तो भित्रा माणूस बघून. हा रिवाज कुणी पाडला ते आता कुणाला सांगता येत नाही, पण त्यात खोट काढणाराही कुणी भेटत नाही. शूर माणूस बांधावर पाय पसरून झोपतो. भित्र्याला पाण्याचा आवाज बदललेला कळतो. खेकड्यांनी पोखरलेली माती पायाखाली दबली की आधी त्याच्या पोटात खड्डा पडतो. गावाला असाच माणूस लागतो. हिरामण ठाकूर इतका भित्रा, की त्याच्या बापामागे राखणीचा विषय निघाला तेव्हा दुसऱ्या कुणाचं नावच पुढे आलं नाही.

तो कशाला भीत नसे ते सांगणं सोपं. विंचवाला, भुताला आणि कुत्र्याला. बाकी सगळ्याला भ्यायचा. एसटीत कंडक्टरला, दवाखान्यात डॉक्टरच्या गप्प बसण्याला. ग्रामपंचायतीच्या शिपायाने दारात उभं राहून त्याचं पूर्ण नाव उच्चारलं तर त्या उच्चाराला. बायको कमळ हसायची. म्हणायची, "तुमी मेल्यावरपण चितेला विचाराल, लय गरम न्हाय ना?" कमळ करोनाच्या साली गेली. तिच्यामागे त्याच्या भीतीला हसणारं कुणी उरलं नाही, आणि न हसलेली भीती घरभर मोकळी फिरू लागली. मुलगा धनेश डंपर चालवायचा, दिवसभर बाहेर. सून प्राप्ती सासऱ्याचं जेवणाचं ताट वाढायची आणि त्याने अर्ध्यावर हात धुतला की विचारायची, "आज काय दिसलं बांधावर?"

बांधावर रोज तेच दिसायचं. भरतीला तिथे उभं राहिलं की एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भात, आणि खाडीचं पाणी भातापेक्षा उंच. मधे फक्त माती. ही माती त्याच्या पूर्वजांनी डोक्यावरून आणून समुद्रात टाकली आणि मग आत शेती केली. परक्या माणसाला हे पहिल्यांदा दिसलं की तो नकळत एक पाऊल मागे सरतो. हिरामणने जन्मभर ते पाऊल मनातल्या मनात मागे घेतलं होतं.

बांध फुटून वाट पडते तिला खांड म्हणतात. हिरामण लहान असताना अशी एक खांड पडली होती. बांध फुटला की हाक जाते, आणि मग प्रत्येक घराने एक माणूस पाठवायचा. भावाभावांत कोर्टकचेरी चालू असो, घरात सुतक असो, घरटी एक यायलाच हवा. जो खांडीत आधी उतरेल त्याने समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे बाकीच्यांना त्याच्या अंगाच्या आडोशाने पेंढा आणि चिखल रचता येतो. त्या दिवशी त्याचा बाप उतरला होता. छातीएवढ्या पाण्यात उभा, तोंड गावाकडे. पोरगा हिरामण वर बांधावर. बापाने त्याच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडलेले. त्या डोळ्यांत त्याला बाप दिसला नाही, नुसती भीती दिसली, आणि ती जणू हातातली वस्तू द्यावी तशी बापाने त्याच्याकडे दिली. मोठेपणी हिरामण हे कुणाला सांगायचा नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, थंडीने असेल.

मग कंपनी आली.

ती कुठल्या देशाची ते नीट कळलं नाही, कारण दर थोड्या दिवसांनी पाटीवरचं नाव बदलायचं. बंदरात उतरणारे कंटेनर ठेवायला इथे गोदामांचं शहर होणार, एवढं कळलं. कंपनी स्वतः कधी दिसली नाही. दिसले ते पांढऱ्या शर्टांतले दलाल, आणि शेतांत रोवलेले लाल-पांढरे दांडे. हिरामणला याची वेगळीच धास्ती बसली. समुद्र निदान तिथी बघून येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. उधाणाला पाणी चढतं, भांगाला मरतं. ज्याला तोंड नाही आणि तिथी नाही, त्याची राखण करायची कशी?

जमिनी विकल्या जाऊ लागल्या. सगळ्यांच्या नाही, इथला एक तुकडा, तिथला एक. बांधाचा प्रत्येक पट्टा एकेका घराच्या नावाचा असतो. त्या घराने तिथली बिळं बुजवायची, पावसाआधी चिखलाचा लेप द्यायचा. जमीन गेली की त्या घराचं बांधाशी नातं तुटायचं, पट्टा पोरका व्हायचा. हिरामणचा सख्खा भाऊ अंबाजी पहिल्याच खेपेला विकून मोकळा झाला. रस्त्याला लागून त्याने काचेच्या गॅलरीचा बंगला बांधला. त्याचा पट्टा बांधाच्या पार टोकाला, कोळीवाड्याच्या अलीकडचा. कंपनीने तिथेच बांध छाटून मोटार चढेल असा उतार केला होता.

"अरे, तुझ्या पट्ट्यात चाळण झालीय खेकड्यांची," हिरामण त्याला सांगायला गेला.

"माझा पट्टा कुठं हाय आता?" अंबाजी म्हणाला. "दादूस, तू पण ऊठ त्या चिखलातून. समुद्राला किती दिवस दम देशील?"

"मी कुठं दम देतो? मीच त्याला भितो."

"मग तर आधी ऊठ."

धनेशचा डंपरही कंपनीच्या भरावावर लागला होता. घरात हा विषय निघाला की तो ताटावरून उठायचा.

याच काळात म्हसळ्याकडची कल्पिता नावाची मुलगी गावोगाव फिरत होती. कुणब्याची पोर, वकिली शिकलेली. तिच्या गावाचा डोंगर कुठल्याशा कारखान्यांच्या पट्ट्यात गेला होता, आणि एकट्या गावाने ओरडून काही होत नाही हे तिला कळून चुकलं होतं. श्रीवर्धनचे सुपारीवाले, नागावचे पर्यटकांना घरी ठेवणारे, खाडीकाठचे कोळी, खारदेवळीचे आगरी, सगळ्यांना एका ओटीवर बसवायचं तिने मनावर घेतलं. ओटी ठरली कोळीवाड्यातल्या देवळाची. खारदेवळीचे लोक तिथे जायला पाय उचलेनात.

कारण होतं. पूर्वी कोळ्यांनी होड्या बांधायला आगऱ्यांच्या बांधात खुंट ठोकले होते. खुंटाने बांधाला भोक पडतं, म्हणून आगऱ्यांनी ते उपटले. त्या आठवड्यात वादळ झालं आणि सुटलेली एक होडी खडकावर फुटली. ती कोळीवाड्यातल्या सखुबाईच्या नवऱ्याची. तेव्हापासून कुठलीही कोळीण खारदेवळीत मासे विकायला आली की पाटी खाली ठेवायची नाही. उभ्यानेच वाटा द्यायची आणि उभ्यानेच निघायची.

बैठकीला राखण्या म्हणून हिरामणला जावं लागलं. तो दाराजवळ बसला, चपला हाताशी ठेवून.

कल्पिता उभी राहिली. "पौर्णिमेला अलिबागला मोर्चा. सगळी गावं एकाच दिवशी."

"पौर्णिमेला?" ओटीच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज उठला.

सखुबाई मधोमध बसली होती. केस पांढरे, आवाज बाजारात तयार झालेला. "पोरी, पौर्णिमेला उधाण. आमचे सगळे पुरुष डोल जाळी घेऊन दर्यात. मोर्चाला काय बोंबील पाठवू?"

"आमीपण…" हिरामणच्या तोंडून निघून गेलं आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याने चपला आणखी जवळ ओढल्या. "आमीपण उधाणाला बांध सोडत न्हाय."

"मग कधी?" कल्पिताने विचारलं.

"भांगाला," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी सखुबाईही तेच म्हणाली. नागावहून आलेला सदा मोठ्याने हसला. "बाई, वीस वर्षं बोलत न्हवतात तरी पंचांग एकच वापरता की!" सदाकडे नारळाची वाडी होती, चार खोल्या होत्या आणि एक पिकअप. हसायची सवय पाहुण्यांमुळे लागलेली.

मोर्चा कोजागिरीनंतरच्या अष्टमीला ठरला. लोक उठायला लागले, तेव्हा सखुबाई म्हणाली, "बसा. मोर्चा काय, एका दिवसाचा. घोषणा देऊन आपापल्या घरी. मला हे सांगा, तुमच्यात बांध फुटला की घरटी एक जातो ना?"

"जातो."

"त्यात आमची घरं धरा. तुमचा बांध गेला तर तुमी जमिनी विकाल, आणि तुमी विकलंत की खाडी बुजली. आमाला काय, मग रस्त्यावर मासे पकडायचे? आणि आमच्या धक्क्याचा गाळ काढायचा असंल तेव्हा तुमच्या घरचा एक आला पायजे."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही. कल्पिताने मात्र खाली बसून दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. महिनोन्महिने जे सांगायला ती शब्द शोधत होती ते म्हातारीने बाजारभावात सांगून टाकलं होतं. मग तीच सावकाश म्हणाली, "समुद्र एकदा आत येऊन राहिला की ती जमीन नापीक लिहितात. आणि नापीक जमिनीसाठी लढायला शेतकरीच उरत नाही."

परतताना हिरामणच्या डोक्यात एकच घोळत होतं. बांध फुटला तर हाक द्यायचं काम राखण्याचं. म्हणजे कोळीवाड्यात हाक द्यायला त्यालाच जावं लागणार.

काही दिवसांनी एक तरुण घरी आला. पांढरा शर्ट, चष्मा, साधी हसरी चर्या. वाकून नमस्कार केला, प्राप्तीच्या हातचा चहा घेतला, चांगला झालाय म्हणाला. निघताना उंबऱ्यात थांबून त्याने हिरामणचा हात हातात घेतला. "काका, बांधावर एकटे नका फिरू. वय झालं. घसरलात तर कुणाला कळणारपण नाही."

तो गेल्यावर प्राप्ती म्हणाली, "किती काळजीनं बोलला." आणि मग सासऱ्याचा चेहरा बघून तिने दाराची कडी लावली.

कोजागिरीची पौर्णिमा उजाडली. भात पोटात दाणा धरून उभं होतं, अजून ओलं. अशा वेळी खारं पाणी लागलं की सगळं फोल. हिरामण सकाळीच बांधावर निघाला. उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, त्याने हाताने चाचपून पाहिली. मग एकेक पट्टा संपवत चालत राहिला. ठाकुरांचा, घरतांचा, पाटलांचा. भरती चढत होती. पाणी वाऱ्याशिवाय फुगत होतं, त्याला आवाजही नव्हता.

अंबाजीच्या पट्ट्याजवळ उतारावर पांढरी गाडी उभी होती. काचा काळ्या. इंजिन चालू.

हिरामण पट्ट्याच्या तोंडाशीच थांबला. पुढे टोकापर्यंत जायचं होतं, चाळण झालेला भाग त्या गाडीच्या अलीकडेही होता आणि पलीकडेही. त्याने पाय उचलला, पण तो पुढे पडेना. कुणाला कळणारपण नाही. गाडीचं दार उघडलं नाही, काच खाली आली नाही, कुणी काही बोललं नाही. तो उभा राहिला तेवढा वेळ इंजिन घुरघुरत राहिलं. मग हिरामण वळला आणि घराकडे चालू लागला. जन्मात पहिल्यांदा त्याने बांध अर्धा सोडला. पाठीमागे पाणी होतं, आणि त्याला पाण्याची आठवण नव्हती.

तो अंगणात पोचला असेल नसेल, टोकाकडच्या शेतांतून बगळे उठले. एक-दोन नाही, सगळेच, एकदम, चादर झटकावी तसे. हिरामणने ते पाहिलं; शेतात पाणी घुसल्याशिवाय बगळे असे उठत नाहीत. तो तुळशीच्या कट्ट्याला धरून बसला.

"बाबा? काय झालं?"

"खांड," तो म्हणाला. "अंबाजीच्या पट्ट्यात. मी तिकडं गेलो न्हाय."

प्राप्तीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "मग आता जा," ती म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचून तिने घमेलं काढलं.

त्याने हाक दिली. कानावर हात ठेवून, बापासारखी, लांब: बांध फुटला हो! दारं उघडली. काही उघडली नाहीत. ज्यांनी विकलं होतं त्यांच्या ओट्यांवर लोक उभे राहिले, हात मागे बांधून. तो त्यांच्या समोरून ओरडत गेला आणि त्यांनी नजर खाली घातली. जे बाहेर पडले ते थोडे होते. मोजायचं धाडस त्याला झालं नाही.

खांडीपाशी पोचले तेव्हा भरती ऐन भरात होती. बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती आणि समुद्र तिच्यातून शेतात कोसळत होता, फेसाळ, मातकट, आत येणाऱ्या पाहुण्यासारखा बिनधास्त. भाताच्या लोंब्या पाण्याखाली वाकत होत्या. आत्ता उतरणं शक्य नव्हतं. ओहोटी लागेपर्यंत थांबायचं, आणि ओहोटीत बांधायचं; पुढची भरती चढायच्या आत. नाहीतर आतल्या लहान बांधांनी वाचवलेलं उरलेलं भातही जाईल, आणि खांड रोज रुंदत जाईल. आलेली माणसं एकमेकांकडे बघत होती. एवढ्यांनी ती बुजत नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

"कोळीवाड्यात सांगायला पायजे," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं.

मधे खांड असल्याने बांधावरून जाता येत नव्हतं. प्राप्तीने त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि कंपनीच्या नव्या रस्त्याने वळसा घेऊन नेलं. रस्ता रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती. हिरामणने सुनेच्या सीटची कड घट्ट धरली होती. खिशात फोन वाजला. धनेश.

"बाबा, ऐकलं मी. माझं नाव कुठं घेऊ नका. हितं सगळे बघतायत."

"बरं."

"आणि तुमी पाण्यात उतरू नका."

"बरं," हिरामण म्हणाला. दोन्ही वेळा आवाज सारखाच निघाला.

कोळीवाड्याच्या तोंडाशी तो उतरला आणि ओरडू लागला. ज्यांची नावं माहीत होती त्या पुरुषांची नावं घेऊन. गल्ल्या रिकाम्या. वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे. त्याने आणखी दोन नावं घेतली, आणि मधेच त्याचा आवाज बंद पडला. उधाण. आज उधाण होतं. इथले सगळे पुरुष दर्यात असणार. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं, यावरूनच मोर्चाची तिथी बदलली होती, आणि भीतीच्या नादात तो तेच विसरून आला होता.

सखुबाई दारात आली. हाताला मासळीचा वास, कंबरेला कोयता.

"कोणाच्या नावानं बोंबलतोस? ते संध्याकाळी दिसले तर दिसले."

"बांध फुटला," तो म्हणाला. "मी विसरलो. उधाण हाय ते. जातो मी."

"जातो म्हणजे?" ती म्हणाली. "बोलवायला आलास ना? घराला कुलूप दिसतंय का?" तिने मागे वळून गल्लीत हाक मारली, "गो पोरींनो, राहीला उठवा, केसरला सांगा! जुन्या डोली काढा माळ्यावरच्या. आणि खुंट घ्या, धक्क्यावरचे सगळे."

"खुंट?" हिरामण म्हणाला.

सखुबाईने त्याच्याकडे पाहिलं. "व्हय. खुंट. आणि या वेळी उपटायचे न्हायत."

तिसऱ्या प्रहरी पाणी उतरलं आणि काम सुरू झालं. कोळणींनी आणलेली जुनी डोल जाळी लांब पसरली. आगऱ्यांनी त्यांत चिखल आणि पेंढा भरला. तोंड आवळलं की माणसाएवढी जाड गुंडाळी तयार व्हायची. खांडीच्या दोन्ही काठांना खुंट ठोकले आणि गुंडाळ्या त्यांच्या आत लोटल्या. हे कुणी ठरवलं नाही. आधी जाळी पडली, मग कुणीतरी त्यांत चिखल टाकला. सदा पिकअप भरून रिकामी पोती घेऊन आला. नागावचे दोन पाहुणेही त्याने आणले होते. ते पुण्याचे, पहिल्या अर्ध्या तासात दमून पडले आणि मग बसून पोत्यांची तोंडं शिवत राहिले. कल्पिताचा फोन येत होता, म्हसळ्याहून निघालोय, गाडी मिळत नाही, धरून ठेवा.

उन्हं कलली तेव्हा बांधावरून एक माणूस चालत आला, खांद्यावर फावडं. तोंडाला घट्ट रुमाल बांधलेला, नुसते डोळे. तो काही न बोलता चिखलात उतरला. मग राही नावाची तरणी कोळीण म्हणाली, "ओ धनेशभाऊ, तोंड बांधलंत ते बरं केलंत. पण पोटाचं काय?"

बायका खो खो हसल्या. धनेशचं पोट खरोखर अख्ख्या पंचक्रोशीत ओळखता येईल असं होतं. प्राप्तीही हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. धनेशने रुमाल सोडला नाही. वर उतारावर पांढरी गाडी तशीच उभी होती आणि तिच्या काचेआडून कुणी फोन धरला असला तर तो दिसत नव्हता.

मधली फट शेवटपर्यंत राहिली. दोन्ही बाजू जवळ येतात तसं पाण्याला जोर चढतो. गुंडाळी लोटली की ती आत सरकायची. तिला मागून टेकू द्यायला कुणीतरी फटीत उभं राहायला हवं होतं. तिकडे खाडीत पाणी वळलं होतं. हिरामणला ते न बघताही कळलं. काठावरचे बारीक खेकडे एकाएकी बिळांत शिरले.

कुणी त्याला सांगितलं नाही. तो उतरला. खड्ड्यातलं पाणी कमरेला लागलं, इतकं गार की श्वास वरच राहिला. त्याने समुद्राकडे पाठ केली. तोंड गावाकडे. समोर डोंगरामागून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, तांबडा, मोठा. हाच पाणी ओढतो, हिरामणच्या मनात आलं. आणि त्या क्षणी त्याला कळलं की बापाला तेव्हा इथून काय दिसत होतं. गावच दिसत होतं. घरं, दिवे, बांधावर उभं एक पोरगं. ते सगळं समोर, आणि ज्याची भीती ते पाठीला. बघता येत नाही.

सखुबाई त्याच्यासमोर उतरली, चिखलाचा गोळा घेऊन. तिचं तोंड समुद्राकडे होतं.

"पाणी कुठवर आलं?" त्याने विचारलं. दात वाजत होते.

"लांब हाय." तिने गोळा त्याच्या खांद्याआड थापला. "ती गाडी हाय का गेली रे? मला दिसत न्हाय."

"हाय."

"माणूस उतरला?"

"न्हाय अजून." मग थोड्या वेळाने, "होड्या दिसतात का?"

तिची नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली, आणि हिरामणने ते डोळे ओळखले. बापाचे होते तसेच. ही बाई दर उधाणाला असंच बघत असणार, हे त्याला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. ज्या पाण्याला तो बांधावर भीत असे, त्याच पाण्याला, त्याच तिथीला, ही धक्क्यावर भीत असे.

"दोन दिवे हायत," ती म्हणाली. "बाकीचे येतील. तू हलू नको."

पाणी त्याच्या पाठीला लागलं. मग पोटरीमागून ओढ सुरू झाली. पुढून चिखल, पेंढा, पोती, पुन्हा चिखल. कुणाचे हात कुठले ते समजेना. धनेशचा रुमाल सुटून गळ्यात आला होता आणि तो बापाच्या काखेत हात घालून ओरडत होता, "बास बाबा, सोडा, धरली, धरली!" त्यांनी त्याला वर ओढलं तेव्हा त्याची चप्पल आत राहिली. ती आता बांधातच राहणार होती.

खांड बुजली. टोकाकडची शेतं गेली होती. तिथल्या भाताचं काही उरणार नव्हतं. बाकीचं उभं होतं. सदाने स्टो पेटवून चहा ठेवला. आज कोजागिरी, दूध पायजे, असं कुणी म्हणालं, आणि कुणीतरी त्याला शिव्या दिल्या. घरी कुणी गेलं नाही. मध्यरात्रीची भरती नव्या मातीला काय करते ते बघितल्याशिवाय कुणी जाणार नव्हतं.

हिरामण उठला. प्राप्तीची ओढणी त्याच्या खांद्यावर होती.

"कुठं?"

"सकाळी टोकापर्यंत गेलो न्हवतो," तो म्हणाला. "पलीकडं बिळं हायत. बघून येतो."

टोकाला जायचं म्हणजे त्या गाडीसमोरून जायचं. धनेश उठू लागला, पण हिरामणने मान हलवली; पोराचं तोंड आता रुमालाविना उघडं होतं. तो एकटाच नव्या, ओल्या मातीवरून चालू लागला. काही पावलं गेला तेव्हा मागून धाप ऐकू आली. सखुबाई. कंबरेला कोयता, डोक्यावर रिकामी पाटी.

"माझा तर रस्ताच हा हाय," ती म्हणाली. "घरी जायचाय."

गाडीजवळ आले तशी काच खाली आली. आतून गार हवा आणि अत्तराचा वास आला. चष्मेवाला तरुण. तो दमलेला दिसत होता, जणू दिवसभर त्यानेच माती उचलली.

"काका, म्हटलं होतं ना, एकटे नका फिरू."

हिरामण उभा राहिला, आणि पळाला नाही, एवढंच त्याला करता आलं.

सखुबाईने डोक्यावरची पाटी उतरवली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवली, हलकेच, बाजारात ठेवावी तशी. "मावरं पायजे का?" तिने विचारलं. "उद्या ये. आज पुरुष दर्यात हायत, आमी सगळ्या बांधावर."

तरुणाने तिच्या मागे पाहिलं. बांधावर दूरवर लोक बसले होते, चंद्राच्या उजेडात काळे. काही उभे राहत होते. काच वर गेली. गाडी मात्र हलली नाही.

पाटी उचलून ती पुढे निघाली. हिरामण तिच्यामागे. गाडीच्या पलीकडे त्याने गुडघे टेकले आणि बांधाच्या पोटातलं पहिलं बीळ हाताने शोधलं. कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना माती लागली, आणि तिच्या मागे काहीतरी गार, हळूहळू, आत येत होतं.

"सखुबाई," त्याने हाक मारली. "चिखल आण."